धसक्यावरचं औषध

३ एप्रिल १९७२, सोमवार

परवा कानिफ घरी आला. लष्करातून आता कायमचाच. लोखंडी ट्रंक, एक वळकटी आणि एक खाकी लखोटा. लखोट्यातल्या कागदावर कारणाच्या जागी 'वैद्यकीय' एवढंच टाईप केलंय. हातपाय शाबूत आहेत, अंगावर खरचटल्याचीही खूण नाही. डिसेंबरात तो शकरगडच्या बाजूला रणगाड्यात होता, तोफेत गोळे भरायच्या कामावर. त्याच्या रणगाड्याला गोळा लागला हे आम्हाला पत्रातल्या एका ओळीवरून कळलं. पुढची ओळ होती, 'मी बरा आहे, काळजी नसावी.'

आज सकाळी लष्कराच्या रेंजवर तोफांचा सराव सुरू झाला. नगरात राहायचं तर तो आवाज कानाला सवयीचा होतो. इकडे केडगावात तर नुसतं धुप्प असं ऐकू येतं. कानिफ अंगणात दात घासत होता. पहिल्या आवाजाला तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि तसाच राहिला. हातातला तांब्या कलला होता, पाणी पायावर सांडत होतं. मी हाका मारल्या, आत्यानं मारल्या. दहा मिनिटं तो हलला नाही. मग एकदम म्हणाला, "च्या झाला का, आक्का?"

गोजरआत्या म्हणाली, "प्वार वाळलंय नुसतं. खाऊपिऊ घाल, येईल ताळ्यावर. लहानपनी ह्याच्याहून वाईट हुतं. छाती अशी वाजायची, जसा लोहाराचा भाता. वेखंड उगाळून माझी बोटं झिजली. वाचला ना त्यातनं?"

मी त्याला लढाईबद्दल काही विचारलं नाही. सैनिकाला विचारू नये म्हणतात. आणि आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता, मी पंधराची. त्याच्या मनातलं ओळखायला मला विचारावं लागत नाही.

१६ एप्रिल, रविवार

रविवार असूनही कॉलेजात जाऊन आले. उंदरांना सुट्टी नसते. पुण्याहून आणलेले चोवीस पांढरे उंदीर आहेत. ओळखू यावेत म्हणून अंगावर पिक्रिक ॲसिडच्या पिवळ्या खुणा करतो. डोक्यावर ठिपका म्हणजे एक, पाठीवर म्हणजे दोन, असं.

नियाजसर आमच्या विभागाचे प्रमुख झाल्यापासून प्रयोगशाळेला जीव आलाय. नाहीतर मी दहा वर्षं मुलांना बेडूक कापायला शिकवत होते. सरांचा विषय भीती. एक लाकडी पेटी आहे, तिचा तळ लोखंडी सळयांचा. घंटी दहा सेकंद वाजते, मग सळयांतून विजेचा छोटा झटका. तिसऱ्या दिवसापासून झटक्याची गरजच पडत नाही. नुसती घंटी वाजली की उंदीर गोठतो. मिशासुद्धा हलत नाहीत. किती सेकंद गोठला आणि किती लेंड्या टाकल्या, हे मी मोजून लिहिते.

सर म्हणाले, "झटका अर्ध्या सेकंदाचा, पुष्पाताई. पण हा तो महिनाभर वाहणार. डोक्यात कुठं वाहतो, एवढंच मला कळायला हवंय."

काम नेमकं आहे. मला आवडतं. जे मोजता येतं त्याच्याशी भांडावं लागत नाही.

२७ एप्रिल, गुरुवार

मी डबा विसरले होते. कानिफ सायकलवर घेऊन आला. सर नव्हते. त्याला जरा करमेल म्हणून मी आत बोलावलं, पेटी दाखवली. घंटी वाजवली. सात नंबर नेहमीसारखा गोठला.

कानिफ वाकून बघत राहिला. मग म्हणाला, "ह्याला बाहेर पडायला झाकन कुठाय?"

"वरचं. पण ते आपण उघडायचं."

"आतून उघडत न्हाई?"

"नाही."

"बंद कर, आक्का."

घंटी तर केव्हाच थांबली होती. तरी तो "बंद कर, बंद कर" म्हणत राहिला आणि मग जवळजवळ पळतच बाहेर गेला. सायकलही विसरला. घरी चालत गेला, साडेतीन मैल.

घामाने सदरा पाठीला चिकटला होता. उन्हाचा त्रास असावा. त्याला पुन्हा इथे बोलवायचं नाही.

२३ जून, शुक्रवार

पाऊस नाही. आभाळाकडे बघून लोकांच्या माना दुखायला लागल्यात.

सरांनी औषध आणलं. त्यांच्या पुण्यातल्या डॉक्टर मित्रानं गोळ्या पाठवल्यात. प्रोप्रॅनोलॉल. छातीत धडधड होणाऱ्या माणसांना देतात. सरांनी फळ्यावर कुलूप काढलं. भीती वाटली की शरीरात ॲड्रेनलिन सुटतं. ते पेशीवरच्या एका जागेत जाऊन बसतं, किल्ली कुलपात बसावी तसं. मग ठोके वाढतात, घाम फुटतो. हे औषध त्या कुलपात आधीच जाऊन बसतं. किल्ली येते, पण तिला जागाच नसते. अशी कुलपं छातीत असतात, मेंदूतही असतात. छातीतली बंद केल्यावर उंदराची भीती कमी होते की मेंदूतलीही बंद करावी लागतात, असा आमचा प्रश्न आहे.

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

१२ जुलै, बुधवार

गोळी खलात कुटायची, पाण्यात कालवायची, नळीने पाजायची. बारा उंदरांना औषध, बारांना नुसतं पाणी. आज पहिला हिशेब जुळला. पाणीवाले सरासरी बेचाळीस सेकंद गोठले, औषधवाले सतरा. सात नंबर तर घंटी वाजत असताना मिशा पुसत बसला होता!

सर नेहमीसारखे सावध. "चोवीस उंदरांवरून काही म्हणता येत नाही."

मी बोलून गेले, "सर, माणसांवर? लढाईवरून आलेल्या माणसांवर?"

ते माझ्याकडे बघत राहिले. कानिफचं त्यांना ठाऊक आहे. म्हणाले, "परदेशात डॉक्टर घबराटीवर देऊन बघतायत, वाचलंय मी. पण पुष्पाताई, ते डॉक्टर आहेत. कानिफला दाखवायचं असेल तर मी पुण्याला चिठ्ठी देतो. तुम्ही आधी भावाला विचारा तर खरं."

घरी विचारलं. कानिफ भिंतीकडे तोंड करून पडला होता. "मला दवाखान्यात न्यायचं न्हाई," एवढंच म्हणाला. औषधाचं नाव काढायला मी गेलेच नाही. ज्यानं दवाखान्याचं नाव ऐकून पाठ फिरवली, तो गोळीला काय हो म्हणणार?

९ ऑगस्ट, बुधवार

लिहू की नको असं झालं होतं, पण लिहिल्याशिवाय हे काम करता येणार नाही.

औषधाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते. वीस गोळ्या काढल्या. साठ्याच्या वहीत 'ओलीने खराब' असं लिहिलं. इतक्या वर्षांत खोटी नोंद केलेली ही पहिलीच. डब्यातलं माहितीचं पत्रक उभ्याउभ्या वाचलं. थोड्यापासून सुरुवात करायची. नाडी साठाच्या खाली गेली तर थांबवायचं. दमेकऱ्यांना देऊ नये. एकाएकी बंद करू नये. हे सगळं मला जमण्यासारखं आहे.

सकाळी अर्धी गोळी कुटून दुधातून दिली. साखर जरा जास्त घातली. संध्याकाळी अर्धी. नाडी आधी ९६, नंतर ७८. ताप बघते असं सांगून मनगट धरलं.

त्याच्या भल्यासाठीच आहे.

१४ ऑगस्ट, सोमवार

नाडी ७४. जेवण बरं. सकाळी रेंजवर सहा आवाज झाले. उभा राहिला, पण चालता झाला. वेळ: दीड मिनिट. एप्रिलात दहा मिनिटं.

२० ऑगस्ट, रविवार

आज चाचणी घेतली. कानिफ ओट्यावर पाठमोरा बसून सायकलची चेन साफ करत होता. मी मागून जाऊन पितळी परात फरशीवर टाकली. खांदे वर गेले, मान वळली, बस. दचका कमी. वेळ: चार सेकंद. नाडी ८२.

आत्या धावत आली. "हात मोडले का गं तुझे? प्वाराचं काळीज फाटंल की!"

"सुटली हातातून," मी म्हणाले.

कानिफ हसून म्हणाला, "असू दे आत्या. मला काय न्हाई झालं." आणि मग नवल वाटल्यासारखं पुन्हा, "खरंच काय न्हाई झालं."

त्याचा चेहरा मी विसरणार नाही. वही जवळच होती, लगेच नोंद केली.

१७ सप्टेंबर, रविवार

सहा महिन्यांत पहिल्यांदा घरात हसणं आहे. कानिफ आत्याला पाटावर बसवून गाडी हाकल्याची नक्कल करत चिडवत होता. नागापूरला एका वर्कशॉपमध्ये इंजिनं दुरुस्त करायचं काम बघून आलाय. पाऊस गेलाच. गावोगाव खडी फोडायची दुष्काळी कामं निघालीत, विहिरी खोल करायला सुरुंग लावतात. केडगावच्या माळावरही लागतात. आवाज आला की त्याचा हात थबकतो आणि पुन्हा चालू होतो.

मला म्हणाला, "आक्का, तुझ्या हातच्या दुधात काय जादू हाय कुनास ठाऊक. वाटतंय, जगंन मी."

मी दुधाचा पेला उचलून मोरीत नेला. आत एक जागा दुखली. पण सांगून काय साधणार? बरा होतोय तो. पूर्ण बरा झाला की सांगेन, आणि आम्ही दोघं हसू.

आता रोज दोन गोळ्या. कपाटातून पुन्हा काढाव्या लागल्या, वहीत पुन्हा तेच, 'ओलीने खराब'.

१५ ऑक्टोबर, रविवार

आठ दिवस झाले, पुन्हा मागे जातोय. बसल्याबसल्या श्वास लागतो. कोरडा खोकला. जिना चढून आल्यासारखा धापा टाकतो, आणि विचारलं तर "धूळ लई हाय" म्हणतो. धूळ सगळ्यांनाच आहे. छातीवर हात ठेवून बसणं, श्वास अर्धवट सुटणं, हे भीतीचंच लक्षण, पुस्तकात दिलंय. दसरा जवळ आलाय, त्यानंतर दिवाळी, फटाके. मनाने आधीच धास्ती घेतली असणार.

उद्यापासून तीन गोळ्या. नाडी ६६ आहे, म्हणजे वाव आहे.

आत्यानं वेखंड उगाळलं. मी म्हणाले, आता कशाला ते जुनं?

६ नोव्हेंबर, सोमवार

काल लक्ष्मीपूजन. दुष्काळ असला तरी पोरांनी फटाके उडवलेच. संध्याकाळभर कानिफ ओट्यावर बसून होता. ॲटमबाँब फुटले, लडी फुटल्या. धूर असा की समोरचं घर दिसेना. तो उठला नाही. एकदाही उठला नाही! मी दाराआड घड्याळ घेऊन उभी होते. चाळीस मिनिटं. मला रडू आलं. हे सरांना सांगता आलं असतं तर! लाखो माणसं असतील जगात अशी, कुठल्याकुठल्या लढायांवरून आलेली.

रात्रीपासून खोकला वाढलाय. आज वर्कशॉपला गेला नाही.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

क्रमाने लिहिते.

रविवारी दुपारी एकच्या सुमाराला कानिफला श्वास मिळेना. खाटेच्या काठाला दोन्ही हात टेकून पुढे झुकला होता. गळ्याजवळ प्रत्येक श्वासाला खड्डा पडत होता, आणि छाती वाजत होती. भाता वाजावा तशी. ओठ निळे. आत्या ओरडली, "अगं दमा हाय हा! लहानपनीचा दमा! पुष्पे, पळ!"

मी पुणे रस्त्यावर धावत गेले आणि मधोमध उभी राहून ट्रक थांबवला.

दवाखान्यात डॉक्टरांनी लगेच श्वासनळ्या मोकळ्या करायचं इंजेक्शन दिलं. थांबले. फरक नाही. दुसरं दिलं. फरक नाही. डॉक्टर तरुण होते, कपाळावर घाम आला होता. "लागू का पडत नाहीये?" असं स्वतःशीच म्हणाले. मग आम्हाला विचारलं, "ह्यांना काही औषध चालू आहे?"

आत्या म्हणाली, "न्हाई सायेब. कायबी न्हाई. दूध आन भाकर."

मला त्याच क्षणी कळलं. ते इंजेक्शन म्हणजे किल्ली, आणि कुलपं मी तीन महिने बंद करून ठेवली होती.

आणि मी गप्प राहिले. भिंतीवर घड्याळ होतं. दोन वाजून दहा मिनिटांपासून दोन वाजून चौदापर्यंत मी गप्प राहिले. कपाट, खोटी नोंद, सर, नोकरी, आत्या, हे सगळं त्या चार मिनिटांत डोक्यातून गेलं. माझा भाऊ समोर निळा पडत होता आणि मी ह्या गोष्टींचा विचार करत होते.

मग सांगितलं. डॉक्टरांनी माझ्यावर ओरडण्यातही वेळ घालवला नाही. शिरेतून दुसरं औषध सुरू केलं, ऑक्सिजन लावला. "किती? केव्हापासून?" मला आकडे आठवेनात. वही पिशवीत होती. सकाळी त्याची नाडी लिहिली होती ना. ती वही मी त्यांच्या हातात दिली.

नर्सला लिहून घेता यावं म्हणून ते मोठ्यानं वाचू लागले. "नऊ ऑगस्ट, अर्धी गोळी, दुधातून... वीस ऑगस्ट. परात फरशीवर टाकली. दचका कमी. वेळ, चार सेकंद..." ते थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

कानिफनं पाहिलं. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, डोळे उघडे होते. त्यानं सगळं ऐकलं होतं.

साडेचारला ओठांवर रंग आला.

१९ नोव्हेंबर, रविवार

आठवडाभर तो माझ्याशी बोलला नव्हता. आज आत्या अंघोळीला घरी गेली तेव्हा छताकडे बघत म्हणाला,

"रोजचं दूध? रोजच्या रोज?"

"हो."

"परात बी मुद्दाम?"

"हो."

 शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचा मुलगा संत्रं सोलत होता.

"तू सांगितलं असतंस ना आक्का, तर घेतलं असतं मी. कायबी घेतलं असतं. त्या आवाजापायी मी विहिरीकडं बघत हुतो, तुला ठाऊक हाय का?"

मला ठाऊक नव्हतं.

"आन मीच सांगितलं असतं तुला, छातीचं. तिकडं थंडीत दोनदा दम लागला हुता. लष्करातनं काढतील म्हनून दडवून ठिवला. इचारलं असतंस तर बोललो असतो."

मी त्याचा हात धरला. त्यानं सोडवून घेतला. झटकला नाही, हळूच सोडवून घेतला. मी तो नाडीसाठी धरत नव्हते. पण त्याला ते कसं कळावं?

२७ नोव्हेंबर, सोमवार

नियाजसरांपुढे सगळं सांगितलं. उभी राहूनच. मला वाटलं ओरडतील. ते खुर्चीत खाली बसत गेले.

"किल्ली मी दिली होती तुमच्याकडे," ते म्हणाले.

"माझ्यावर काय कारवाई करायची ती करा, सर."

"करीन. प्राचार्यांना कळवावंच लागेल. त्यापेक्षा मला एक सांगा. उंदराला बोलता येत नाही म्हणून आपण लेंड्या मोजतो, पुष्पाताई. कानिफला बोलता येत होतं."

मी म्हणाले, मला वाटलं होतं मला त्याच्या मनातलं कळतं.

"मला बारा वर्षं झाली, एका उंदराच्या मनातलं कळलं नाही," ते म्हणाले.

प्रयोगातून मला काढलं. शोधनिबंधात माझं नाव नसेल. हे बरंच झालं. नोकरी राहील की नाही ते कॉलेजचं व्यवस्थापक मंडळ ठरवील.

१० डिसेंबर, रविवार

सर आज घरी आले. माझ्याकडे नाही, कानिफकडे. ओट्यावर दोघं बसले. मी आत रेशनची लाल मिलो ज्वारी निवडत होते. खडेच जास्त. दार अर्धं उघडं होतं. सुरुवातीला इंजिनांचं काही बोलणं झालं. मग सरांचा आवाज स्पष्ट ऐकू आला. "तुमच्या रणगाड्याला गोळा लागला, त्यानंतर काय झालं?"

इतकं साधं विचारलं त्यांनी. एस.टी. किती वाजता सुटली असं विचारावं तसं.

माझे हात थांबले. वाटलं, आता हा गोठणार. उठून जाणार.

कानिफ बोलू लागला. शब्द ऐकू येत नव्हते, आवाज येत होता. कधी भरभर, कधी तुटत.  तासभर तरी झाला असेल. रेंजवर दोन आवाज झाले, तरी तो बोलतच होता.

सर निघताना मी फाटकापर्यंत गेले. त्यांचे डोळे लाल होते. "काय म्हणाला तो?" मी विचारलं.

"ते त्यांचं आहे. त्यांनी सांगितलं तर तुम्हाला कळेल."

मला राग आला. खरं लिहायचं तर मत्सर वाटला. मी त्याला वाढवलं, आणि त्यानं ते एका परक्या माणसाला सांगितलं. मग कणीक मळताना लक्षात आलं की एप्रिलपासून डिसेंबरपर्यंत ह्या घरात तो प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. मी तर मुळीच नाही. तीन महिने मी नुसतं त्याचं मनगट धरत होते.

२ जानेवारी १९७३, मंगळवार

कानिफ कोपरगावला गेला. साखर कारखान्याच्या मोटार दुरुस्तीत काम मिळालंय. सैन्यातला एक ओळखीचा तिथे आहे. रेंज तिथून लांब, आणि गोदावरीकाठी धूळ कमी, असं त्याचं म्हणणं. मला वाटतं त्याला ह्या घरापासून लांब जायचंय.

ट्रंक मी भरायला घेतली तर म्हणाला, "राहू दे, मी भरतो."

गोजरआत्याही त्याच्याबरोबर निघाली. "भाकरी कोन घालील त्याला?" म्हणाली. माझ्याकडे न बघता म्हणाली. एस.टी.त चढताना मात्र माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "वाईट न्हाईस तू, पुष्पे. पर लई शानी झालीस."

घरी परतले. दोन खोल्या इतक्या मोठ्या कधी वाटल्या नव्हत्या.

२१ जानेवारी, रविवार

मंडळानं ताकीद देऊन ठेवून घेतलं. पुन्हा बेडूक. कपाटाची किल्ली आता सरांकडे असते.

तीन पत्रं लिहिली कोपरगावला. आत्या दुसऱ्याकडून लिहवून उत्तर पाठवते. तब्येत बरी आहे, कळावे.

१८ फेब्रुवारी, रविवार

न कळवता कोपरगावला गेले. कळवलं असतं तर नको म्हणाला असता, आणि मग मला जाता आलं नसतं.

कारखान्याच्या चाळीत एक खोली. आत्या शेजारणीकडे गेली होती. कानिफ बाहेर बाजेवर बसला होता. जरा भरलाय. गळिताचा हंगाम चालू आहे, उसाचे ट्रक एकामागून एक जात होते. एकाचा टायर मोठ्यानं फुटला. कानिफ ताडकन उभा राहिला, रंग उडाला. मी खाली बघितलं. त्याला किती वेळ लागला ते मी पाहिलं नाही.

तो पुन्हा बसला. "हुतं अजून," म्हणाला. "डॉक्टर म्हनतो हळूहळू जाईल. न बी जाईल."

मी म्हणाले, "कानिफ, मी माफी मागायला आलेय."

"माफबीफ मला अजून जमंना, आक्का. खोटं कशाला बोलू? भाकरी खाताना अजून बघतो मी, कुनी वाढलीय ते."

ते मी ऐकून घेतलं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. थोड्या वेळानं मी विचारलं, "त्या दिवशी काय झालं होतं, सांगशील मला?"

तो माझ्याकडे बघत राहिला. इतका वेळ की मला वाटलं आता उठून आत जाईल. मग म्हणाला, "वहीत घ्यायचं न्हाई."

"नाही घेणार."

"नाव न्हाई, तारीख न्हाई. कायबी न्हाई."

"काही नाही."

तो बाजेवर जरा सरकला आणि मला बसायला जागा केली. चारची एस.टी. गेली, पाचची गेली. आत्या येऊन दारात उभी राहिली आणि आवाज न करता आत गेली. सव्वासहाच्या गाडीनं मी निघाले. तोवर तो बोलत होता, आणि मी ऐकत होते.

तो जे बोलला, त्यातलं मी इथे काहीही लिहिणार नाही.